कंट्रोल व्ही, एंटर

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत १९९८ साली छापला. मिरजेच्या एका डीटीपीवाल्याने तो पेजमेकरमध्ये लावून दिला होता. त्याच्या मजकुराची फाइल आधी फ्लॉपी, मग सीडी, मग पेनड्राइव्ह असे मुक्काम करत माझ्यापर्यंत आली. शाळेतून निवृत्त झाल्यावर पुरवणीचं काम माझ्या गळ्यात पडलं. (‘ताईला आता वेळच वेळ आहे’ असं म्हणणारे सगळे स्वतः नोकरीत होते.) फाइल उघडली तर पानभर किडामुंगी. त्या काळी प्रत्येक कंपनीचा मराठी फॉन्ट निराळा, आणि इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी आकार बसवलेले. तो फॉन्ट मशीनवर नसला की पणजोबांच्या नावाच्या जागी डॉलर, टोपी आणि दोन ठिपके दिसतात. साडेतीनशे पानं पुन्हा टाइप करायची माझी तयारी नव्हती. म्हणून ऑगस्ट २०२५ मधल्या एका गुरुवारी, जेवणं झाल्यावर, जुन्या फॉन्टचं युनिकोड (म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणारी अक्षरं) करून देणारं काही मिळतं का ते शोधायला बसले.

अशी साधनं आहेत, चांगली आहेत आणि फुकटही आहेत. मी मात्र यादीत सर्वांत वर जे आलं त्यावर टिचकी मारली. पान नीटनेटकं होतं. वर मजकूर चिकटवायचा चौकोन, खाली बटण. पहिलं पान चिकटवून बटण दाबलं तर ‘तुम्ही रोबो नाही याची खात्री करा’ अशी पाटी आली. हे आता सगळीकडेच विचारतात, कुठे झेब्रा क्रॉसिंग ओळखा, कुठे मोटरसायकल ओळखा. इथे चित्रं नव्हती, तीन पायऱ्या होत्या. विंडोजची खूण असलेलं बटण आणि आर एकदम दाबा. मग कंट्रोल आणि व्ही. मग एंटर.

मी तेहतीस वर्षं मुलांना ‘प्रश्न दोनदा वाचा’ म्हणून सांगितलं. स्वतः एकदाही वाचला नाही.

डाव्या कोपऱ्यात रनचा, म्हणजे मशीनला आज्ञा द्यायचा, छोटा चौकोन उघडला. कंट्रोल व्ही केल्यावर त्यात इंग्रजीत ‘मी रोबो नाही, पडताळणी क्रमांक अमुक’ असं दिसलं. एंटर मारलं. एक निळी खिडकी डोळ्यांसमोरून लखकन येऊन गेली. मग स्क्रीन अंधारला आणि ‘या ॲपला तुमच्या मशीनमध्ये बदल करू द्यायचे का?’ अशी पाटी आली. प्रकाशकाच्या जागी मायक्रोसॉफ्टचं नाव होतं. मायक्रोसॉफ्टचंच आहे म्हटल्यावर मी ‘होय’ म्हटलं. रूपांतर काही झालं नाही. पान नुसतं गोल फिरत राहिलं, तेवढ्यात वीज गेली, यूपीएस बोंबलायला लागला, म्हणून मी मशीन बंद करून आडवी झाले.

रात्री पावणेदहाला धाकट्या जावेचा फोन. ‘ताई, तुम्ही क्रिप्टोत कधीपासून पैसे घालायला लागलात?’ माझ्या फेसबुकवर इंग्रजीतून लिहून आलं होतं की मी तीन दिवसांत दोन लाख कमावले आणि ज्यांना कमवायचे असतील त्यांनी मला निरोप पाठवावा. सोबत माझाच फोटो, नातवाच्या बारशातला. फोन ठेवून बघते तर ई-मेलवर नव्या ठिकाणाहून लॉगिन झाल्याची सूचना येऊन पडलेली. ओटीपी मात्र एकही आला नव्हता. मला तेच कळेना. दोन टप्प्यांची पडताळणी भाच्याने दिवाळीत लावून दिली होती आणि तेव्हापासून मी निर्धास्त होते.

भाचा पुण्यात आयटीत आहे. त्याला फोन लावला.

‘आत्या, आधी वायर काढ.’

‘कसली वायर?’

‘नेटची. मशीनच्या मागे टेलिफोनसारखी पिन आहे ना, ती. आणि आता त्या मशीनवर कुठलाही पासवर्ड टाकायचा नाही. बदलायचाय? तरी नाही. फोनवरून बदल, तोही वायफाय बंद करून.’

ही पहिली गोष्ट मी एकटी असते तर नक्की उलटी केली असती. घाबरून त्याच मशीनवर बसून एकेक पासवर्ड बदलत गेले असते आणि नवे पासवर्डही ताटात वाढून दिले असते.

फोनवरून ई-मेलचा पासवर्ड बदलला, मग सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडण्याचा पर्याय वापरला. फेसबुकचंही तेच. ते करताना भाच्याने ओटीपीचा उलगडा केला. एकदा पासवर्ड आणि ओटीपी देऊन आपण आत गेलो की संकेतस्थळ ब्राउझरजवळ एक छोटी नोंद ठेवतं, तिला कुकी म्हणतात. प्रदर्शनात तिकीट काढल्यावर हातावर शिक्का मारतात ना, तसं. शिक्का असेपर्यंत दारावरचा माणूस पुन्हा विचारत नाही. चोराने पासवर्ड तर नेलाच, पण हा शिक्काही उचलून स्वतःच्या हातावर लावला. मग ओटीपी मागणार कोण? सगळीकडून बाहेर पडलं की जुने शिक्के रद्द होतात, म्हणून नुसता पासवर्ड बदलून भागत नाही.

बँकेत त्याच रात्री फोन करून नेट बँकिंग आणि कार्ड बंद करवलं. पैसे गेले असते तर १९३० हा सायबर गुन्ह्यांचा हेल्पलाइन क्रमांक फिरवायचा होता, तो कागदावर लिहून फ्रिजला लावला. सुदैवाने वेळ आली नाही. बँकेचा पासवर्ड मी ब्राउझरमध्ये कधी साठवला नव्हता. हुशारी नव्हती ती, बँकेची साइट साठवूच देत नव्हती.

शुक्रवारी सकाळी खरी साफसफाई सुरू झाली. भाचा व्हिडिओ कॉलवर, फोन लोणच्याच्या बरणीला टेकवलेला, कॅमेरा स्क्रीनकडे. दुरून मशीन ताब्यात घ्यायला तो तयार नव्हता. त्यासाठी नेट जोडावं लागलं असतं आणि ते त्याला नको होतं.

त्याने आधी मला पुन्हा विंडोज आणि आर दाबायला लावलं. माझा हात जाईना.

‘दाब गं, नुसतं उघड. एंटर नको मारूस.’

रनचा चौकोन आधी दिलेल्या आज्ञा लक्षात ठेवतो, हे मला तेव्हा कळलं. कालची ओळ तिथेच बसलेली होती. त्याने सांगितल्याप्रमाणे होम बटण दाबून मी ओळीच्या सुरुवातीला गेले. सुरुवातीला पॉवरशेल (विंडोजकडून लेखी आज्ञांनी कामं करून घ्यायचं अवजार), मग ‘खिडकी लपव’ अशा अर्थाचा शब्द, मग एक लांबलचक पत्ता, आणि पार शेवटी, शेपटीला, ‘मी रोबो नाही’. चौकोन लहान असतो. लांब ओळ चिकटवली की तिचं शेपूटच दिसतं. दिसावं म्हणूनच ते वाक्य तिथे ठेवलेलं, मशीन ते वाचतही नाही. पानावरचं बटण दाबल्याबरोबर ती अख्खी ओळ त्यांनी माझ्या क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला मजकूर पेस्ट होईपर्यंत जिथे थांबतो तिथे, गुपचूप टाकून ठेवली होती. मी कॉपी न करताच पेस्ट केलं आणि आपण कॉपी कधी केलं, हा प्रश्न मला पडला नाही. मायक्रोसॉफ्टचं नावही खोटं नव्हतं. पॉवरशेल हे विंडोजचंच अवजार, सही त्यांचीच असणार. पाटीने मला हत्यार कुणाचं ते खरं सांगितलं. ते धरलेला हात कुणाचा, ते पाटीवर नसतं.

या प्रकाराला क्लिकफिक्स म्हणतात. कुलूप फोडत नाहीत, घरच्या माणसाकडूनच कडी काढून घेतात. रावणाला तरी साधूचा वेश घेऊन दारात ताटकळावं लागलं. इथे मी रेषा ओलांडून भिक्षा त्याच्या झोळीपर्यंत पोचती केली.

विंडोजमध्ये डिफेंडर नावाचा स्वतःचा अँटिव्हायरस असतो. आम्ही वर्षानुवर्षं क्विक हीलवाले. कैलास काटकर मूळचे साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता अँटिव्हायरसच्या धंद्यात आले, याचं आमच्याकडे कौतुक फार, आणि दरवर्षी खोकं आणणं हा दसऱ्याच्या खरेदीचा भाग होता. गेल्या वर्षी नूतनीकरण राहून गेलं तेव्हापासून डिफेंडर एकटाच पहाऱ्यावर. त्याला संपूर्ण झडती घ्यायला लावली आणि मी कुकर लावायला गेले. एरवी ही झडती दोन-सव्वादोन तास चालते. वरणभात होऊन कोशिंबीर होते तोवर संपली सुद्धा. ‘कोणताही धोका नाही.’ हिरवी खूण. मी देवाला नमस्कार केला आणि भाच्याला कळवलं.

‘किती वेळ लागला?’

‘चाळीस मिनिटं. मशीन हलकं झालं वाटतं.’

तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘आत्या, त्याने सी ड्राइव्ह बघितला का?’

डिफेंडरच्या सेटिंगमध्ये खूप खाली ‘एक्सक्लूजन्स’ म्हणून एक जागा आहे. अमुक फोल्डर तपासू नको, असं तिथे सांगता येतं. मी तिथे जन्मात गेले नव्हते. उघडलं तर एकच नोंद: सी, दोन ठिपके, तिरकी रेघ. अख्खा सी ड्राइव्ह. विंडोज तिथे, सगळे प्रोग्राम तिथे, चोरही तिथेच, आणि पहारेकऱ्याला कुणीतरी सांगून ठेवलं होतं की या खोलीत जायचं नाही. बिचाऱ्याने डी ड्राइव्हवरचे लग्नाचे फोटो चाळीस मिनिटं तपासले आणि सर्व ठीक म्हणून अहवाल दिला. ही नोंद करायला ॲडमिनचा, म्हणजे मशीनमध्ये हवे ते बदल करायचा, अधिकार लागतो. तो मी ‘होय’ म्हणून दिलेला होता.

नोंद काढली. झडती पुन्हा. या खेपेला दोन तास दहा मिनिटं, आणि तीन लाल ओळी. तिन्ही नावं ‘ट्रोजन’पासून (साळसूद सोंग घेऊन आत शिरणारा घातक प्रोग्राम) सुरू होणारी. भाच्याने नाव वाचायचं कसं ते सांगितलं. आधी प्रकार, मग कुठल्या प्रणालीवर चालतो ते, तिरक्या रेघेनंतर घराणं, आणि टिंबानंतर शाखा. मी म्हटलं, म्हणजे गोत्र, प्रवर आणि पोटशाखा. ‘ते त्याला फॅमिलीच म्हणतात,’ तो म्हणाला. गेले आठ महिने मी लोकांच्या शाखा जुळवत होते. हे घराणं माझ्याहून जास्त शिस्तीने नोंदलेलं निघालं.

एकेक करून तिन्ही काढले. मग डिफेंडरची ऑफलाइन झडती घेतली. त्यात मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होतं आणि विंडोज जागं व्हायच्या आधीच तपासणी होते, म्हणजे लपून बसलेल्याला स्वतःला झाकायची संधी मिळत नाही. याला पंधराएक मिनिटं लागतात. तीही झाली. चहा झाला. आमचे हे म्हणाले, ‘झालं ना? मग मला सोसायटीचा मेल बघू दे.’ मी वायर लावली.

अर्ध्या तासाने उजव्या कोपऱ्यात टुंग. तोच ट्रोजन, तीच शाखा.

लहानपणी वाड्यात ढेकूण झाले होते. आई खाट उन्हात टाकायची, फटींत रॉकेल सोडायची, कढत पाणी ओतायची. चार दिवस शांत झोप, पाचव्या रात्री पुन्हा खाज. त्या टुंग आवाजाने मला थेट ती खाज आठवली.

वायर पुन्हा काढली. शेजारच्या मुलीच्या लॅपटॉपवरून ऑटोरन्स नावाचं अवजार पेनड्राइव्हवर आणलं. सिसइंटर्नल्सचं आहे, मार्क रुसिनोविच यांनी लिहिलेलं. २००६ साली ती कंपनी मायक्रोसॉफ्टने घेतली आणि अवजारं फुकट ठेवली. मशीन सुरू होताना किंवा नंतर आपोआप जे जे चालतं त्याची ते यादी काढतं. शेकडो ओळी. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या नोंदी लपवायचा पर्याय निवडल्यावर पन्नासेक उरल्या. पिवळ्या ओळी म्हणजे ज्यांची फाइल जागेवर नाही अशा, जुन्या प्रिंटरची वगैरे भुतं. गुलाबी म्हणजे ज्यांच्यावर धड सही नाही अशा. गुलाबी तीन निघाल्या. एक माझा टायपिंगचा कीबोर्ड, निरुपद्रवी. दुसरी यांच्या टॅलीच्या कसल्याशा जोडणीची. तिसरी ‘शेड्यूल्ड टास्क’च्या मथळ्याखाली, नाव ग्राफिक्स ड्रायव्हरच्या अपडेटसारखं.

‘तुझ्या मशीनमध्ये त्या कंपनीचं कार्डच नाहीये,’ भाचा म्हणाला.

टास्क शेड्यूलर उघडून ती नोंद बघितली. दर तीस मिनिटांनी चालायची. चालवायची काय, तर ॲपडेटा या लपवलेल्या फोल्डरात, रोमिंगच्या आत, अर्थ नसलेल्या आठ अक्षरांच्या फोल्डरातली एक स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञा लिहिलेली छोटी फाइल. स्क्रिप्ट जेमतेम दोन केबीची. तिच्यात चोर नव्हताच, चोराचा पत्ता होता. डिफेंडर फाइल उडवत होता आणि ही दर अर्ध्या तासाला नवी आणून ठेवत होती. रतीबच.

काढायच्या आधी त्याने तिचा ठसा घ्यायला लावला. काळ्या खिडकीत एक आज्ञा दिली की फाइलचा चौसष्ट अक्षरांचा आकडा मिळतो. फाइलमध्ये एक टिंब बदललं तरी अख्खा आकडा बदलतो. मी शिक्षिकेच्या सवयीने बैठक क्रमांक वाचावा तसा मोठ्याने वाचायला लागले, चार सात बी नऊ… तो म्हणाला, ‘आत्या, फोटो काढून पाठव.’ तो आकडा त्याने व्हायरसटोटलवर घातला. तिथे सत्तरेक अँटिव्हायरसचं मत एकदम मिळतं. अडतीस जणांनी वाईट म्हटलं, बाकीच्यांना काही दिसलं नाही. हे मला फार बोलकं वाटलं. ‘माझ्या अँटिव्हायरसने तर काही सांगितलं नाही’ या वाक्याची किंमत त्या अडतीस आकड्यात आहे.

टास्क काढला, फोल्डर काढला, रिसायकल बिन रिकामा केला, पुन्हा ऑफलाइन झडती. शनिवार शांत. रविवार शांत.

आणि रविवारी संध्याकाळी भाचा म्हणाला, आता फॉरमॅट मारू.

मला राग आला. तीन दिवस मग काय केलं? तो म्हणाला, जे सापडलं ते काढलं. जे सापडलं नाही ते मला माहीत नाही आणि तुलाही नाही. ॲडमिनचा अधिकार एकदा देऊन झालाय. कामाच्या ठिकाणी असतं तर त्यांनी पहिल्याच दिवशी पुसलं असतं. वाड्यातला तो पलंग शेवटी वडिलांनी मागच्या अंगणात जाळला होता, हे मी त्याला सांगितलं नाही, पण माझा विरोध तिथे संपला.

ठेवायचं काय, यावर मात्र आमचं वाजलं. तो म्हणे फक्त कागदपत्रं आणि फोटो घे, चालणारी एकही फाइल नको. मला जुना मराठी सॉफ्टवेअरचा सेटअप हवा होता. त्याचं डोंगल (ते सॉफ्टवेअर चालायला मशीनला लावायची किल्ली) अजून माझ्या कपाटात आहे, कंपनीकडून आता मिळेल की नाही ठाऊक नाही. शेवटी मूळ सीडी सापडली आणि तंटा मिटला. पेनड्राइव्ह लावताना शाळेतले दिवस आठवले. झेरॉक्सच्या दुकानातून प्रश्नपत्रिका काढून आणली की सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले असायचे आणि स्टाफरूममध्ये एकाच पेनड्राइव्हने सात जणांना प्रसाद मिळायचा. तो व्हायरस त्रास द्यायचा, पण निदान दिसायचा. हा माझ्या मशीनवर आला, हवं ते उचललं, एक रतीब लावून गेला. मशीन हळू झालं नाही, एक फाइल हलली नाही.

शेजारच्या लॅपटॉपवर आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज उतरवलं (त्या पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, रिकामा घ्यावा). मशीन त्याच्यावरून सुरू केलं आणि सी ड्राइव्हचे सगळे भाग एकेक करून उडवले. ‘डिलीट’ दाबताना पोटात खड्डा पडतो, मागे कितीही प्रती असोत. पुढचं कंटाळवाणं होतं. परवाना मदरबोर्डशी जोडलेला असल्याने क्रमांक टाकावा लागला नाही. नवीन एवढंच केलं की ॲडमिन खातं वेगळं ठेवलं, त्याचा पासवर्ड वहीत, आणि माझं रोजचं खातं साधं. आता ती अंधारी पाटी आली की नुसतं ‘होय’ चालत नाही, उठून वही आणावी लागते. माझ्या गुडघ्यांमुळे हे संरक्षण फार मजबूत आहे.

लोक विचारतात, किती दिवस लागले. मशीनला पाच. पासवर्डांना तीन आठवडे.

ब्राउझरने साठवलेली यादी काढली तर त्र्याऐंशी ठिकाणं. रेल्वेचं तिकीट, वीजबिल, विमा, एकदाच पैठणी मागवलेलं दुकान, बंद पडलेली दोन मासिकं. ब्राउझर हे पासवर्ड कुलपात ठेवतो खरा, पण किल्ली माझ्या विंडोजच्या खात्याला बांधलेली. माझ्याच खात्यात बसून काम करणाऱ्या प्रोग्रामला ती सापडते. डेस्कटॉपवर ‘महत्त्वाचे’ नावाची फाइलही होती. तिच्यात पॅन, आधार, पॉलिसी क्रमांक. ती गेली की राहिली हे कळायला मार्ग नाही, म्हणून गेली असंच धरलं आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं.

दोनशे पानी वही घेतली, रेघा मारल्या, एकेक ठिकाण घेतलं. तेव्हा लक्षात आलं की माझे सगळे पासवर्ड पूर्वजांचे आहेत. आजोबांचं नाव आणि जन्मसाल. आत्येचं माहेरचं नाव आणि तिच्या लग्नाचं साल. पणजोबांचं टोपणनाव, पुढे गावाचा पिनकोड. आठवायला सोपं म्हणून. आणि मी काय करत होते, तर हीच नावं, हीच सालं, वर्णानुक्रमाने लावून, सूचीसकट, पाचशे प्रती छापायच्या तयारीत होते. चोराला ट्रोजन लिहायची गरज नव्हती, त्याने पुरवणीची वर्गणी भरली असती तरी चाललं असतं.

याच वहीच्या कामात, आठव्या दिवशी, आणखी एक सापडलं. ई-मेलमध्ये मी न केलेला एक फिल्टर. ‘सिक्युरिटी’, ‘पासवर्ड’, ‘अलर्ट’ यांतला कुठलाही शब्द असलेलं पत्र थेट कचऱ्यात, वाचल्याची खूण करून. म्हणजे पहिल्या सूचनेनंतर मला काही दिसू नये अशी व्यवस्था करून ते गेले होते. मशीन एव्हाना पुसून कोरं झालं होतं. फिल्टर मशीनवर नव्हताच, तो ई-मेलच्या खात्यात होता. पासवर्ड बदलला, सगळीकडून बाहेर पडले, तरी तो तिथेच. तो काढला, पत्रं आपोआप दुसरीकडे पाठवायची सोय कुणी लावली नाही ना ते बघितलं. खातं परत मिळवायला दिलेला फोन क्रमांक माझाच होता, दुसरा ई-मेल पत्ता मात्र माझा नव्हता.

पुढे वाचनात आलं की अशा चोऱ्या करणारं लुमा नावाचं एक घराणं आहे. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट, युरोपोल (युरोपातली पोलीस संघटना) आणि अमेरिकेच्या न्याय खात्याने मिळून त्याचं जाळं उखडलं. त्याआधीच्या दोन महिन्यांत, १६ मार्च ते १६ मे, तीन लाख चौऱ्याण्णव हजारांवर विंडोज मशीन त्याने लागण झालेली मायक्रोसॉफ्टने मोजली होती. ही अवजारं भाड्याने मिळतात, महिन्याच्या बोलीवर, खानावळीसारखी. माझ्या लाल ओळींपैकी एकीत याच घराण्याचं नाव होतं. उखडल्यावर तीन महिन्यांनी. मुळं कुठेतरी राहतातच.

कुलवृत्तांताच्या फाइलचं काय झालं, ते राहिलं. भाच्याने गणपतीच्या सुट्टीत येऊन, माझ्याजवळच्या छापील प्रतीशी अक्षरं ताडून, स्वतःच एक छोटा प्रोग्राम लिहिला. साडेतीनशे पानं नऊ सेकंदांत युनिकोड झाली. फक्त रफार एक घर पुढे सरकतात आणि ऱ्हस्व वेलांट्या कधी कधी उलट्या बाजूला जाऊन बसतात, त्यामुळे पानापानाला चष्मा लावून बसते आहे. पहिली चाळीस पानं नात्यातल्या मंडळींना तपासायला ई-मेलने पाठवली. विषयात ‘कुलवृत्तांत पुरवणी’, सोबत जोडलेली फाइल.

एकानेही उघडली नाही. कोल्हापूरच्या काकांनी फोन केला, ‘तुझं ते क्रिप्टो प्रकरण झाल्यापासून तुझ्या फाइलला हात लावायचा नाही असं मुलाने बजावलंय. तू झेरॉक्स काढून पोस्टाने पाठव.’

परवा चौदा पाकिटं टाकली.